मागून आलेली हाक

प्रिय चिनामी,

परवा फोनवर तू विचारलंस, आजारी पडण्याआधी तुझी आई मला भेटायला आली होती का. दारात कुणीतरी आलंय असं सांगून मी फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं. तोंडाने खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, पण लिहायला एकेका अक्षराशी झगडावं लागतं, तेवढे कष्ट खोट्यासाठी कोण घेणार?

काल पुन्हा गाव बघायला आलेल्या पाहुण्यांना फिरवलं. अर्ध्या दिवसाची तीच फेरी. मासळीबाजार, सामुराईंच्या गल्लीतल्या मातीच्या भिंती, देऊळ, चहाघरांची पेठ आणि शेवटी असानो नदी. भिंतींवरच्या पेंढ्याच्या चटया अजून उतरवलेल्या नाहीत, बर्फ गेलं तरी. ओसाकाच्या चार बायका होत्या आणि एक निवृत्त मास्तर. मी सन सांगितला की मास्तर खोकायचे. शेवटी म्हटलं, मास्तर, सनावळ्या तुम्ही सांगा, संडास कुठे आहे ते मी सांगते; बघू कुणामागे कोण येतं. चौघी माझ्या मागे आल्या. थोड्या वेळाने मास्तरही आले.

पुलाजवळ त्यांनी सात पुलांचं विचारलं. मी नेहमीसारखं सांगितलं. पितरांच्या आठवड्यात, म्हणजे मार्चात आणि सप्टेंबरात दिवसरात्र सारखे होतात तेव्हा, नवी कोरी पांढरी चड्डी घालून सात पूल ओलांडायचे. एका पुलावर दोनदा पाय नाही, तोंडातून शब्द नाही, मागे वळून बघणं नाही. मग ती चड्डी धुऊन, घडी करून कपाटात ठेवायची. म्हातारपणी अंथरुणाला खिळायची पाळी येत नाही, आपली घाण कुणाला काढावी लागत नाही. बायका हसल्या. त्यातली एक जाडी म्हणाली, आणि मागून कुणी हाक मारली तर? इतकी वर्षं हे सांगतेय, असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, चला, जेवायला उशीर होतोय.

गेल्या सप्टेंबरात मी स्वतः सात पूल चालायला निघाले होते. खरा नियम मध्यरात्रीचा, पण माझे गुडघे अंधार मानत नाहीत, म्हणून सकाळी. तिसऱ्या पुलावर मागून आवाज आला.

"आई, जरा थांब ना. एक सांगायचंय."

तुझ्या आईचा, माझ्या सात्सुकीचा आवाज मी ओळखणार नाही? न कळवता नागोयाहून आली होती. मला वाटलं, पुन्हा तेच, घर विक आणि वृद्धाश्रमात चल. उन्हाळाभर आम्ही त्यावरून अबोला धरला होता. आणि चार पूल राहिले होते. मी वळले नाही. पाचव्या पुलापर्यंत तिची पावलं मागे होती. मध्येच थांबायची, पुन्हा यायची. मनात म्हटलं, शहरात राहून पाय गेले हिचे.

"बरं, तू पुरं कर. मी फोन करते," म्हणाली.

सातवा पूल उतरून वळले तर रस्ता रिकामा. तिने फोन केला नाही. मीही केला नाही. पोटची पोर आधी करेल म्हणून बसून राहिले. नोव्हेंबरात इस्पितळातून फोन आला तो तुझा. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात कॅन्सर कधीपासून होता; थंडी सरायच्या आत ती गेली. दम लागत होता तिला, चिनामी. मी तिच्या डोक्यावर ओझं नको म्हणून चालत होते आणि ती दम खात माझ्या मागे येत होती.

तू लिहिलंस की या पितरांच्या आठवड्यात रजा काढून येतेस, आपण दोघी सात पूल चालू, आजी, आता तुला मीच आहे. म्हणून हे लिहिलं. ज्या बाईबरोबर मुकाट्याने चालायचंय, ती कोण आहे ते आधी कळू दे. पूल मी आता चालणार नाही. पडले अंथरुणाला तर पडले. हे वाचून यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही.

तुझीच,
किनुए आजी