सातच्या बातम्यांसाठी

४ फेब्रुवारी, बुधवार

आजही तेच! धाकटीनं ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. कपाळ एकीकडे, हनुवटी भलतीकडे. मग काळा पडदा – ‘सिग्नल नाही’. आई पडल्या पडल्या म्हणाली, राहू दे, आवाज तर ऐकला. काय ऐकला? अर्धा नमस्कार!

सकाळी डॉक्टर येऊन गेले. मला जिन्यापर्यंत नेलं आणि हळूच म्हणाले, आता औषधांचं फार मनावर घेऊ नका, त्यांना आवडेल ते करा. आईला आवडतं एकच. सात ते सव्वासात बातम्या वाचणारी तिची धाकटी लेक. सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. बाबा म्हणाले, मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल ठेवायचं नाही. बाबांनी बोलावलं नाही, ती आली नाही. दोघं सारखेच हट्टी. सात वाजले की बाबा चपला घालून फिरायला जातात. आजही गेले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. टीव्हीमागची वायर काढली, पुसली, परत लावली. सगळी चॅनेल नव्याने शोधली. सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात – एक सिग्नलच्या ताकदीची, एक गुणवत्तेची. ताकद सत्तर, गुणवत्ता नऊ. म्हणजे येतंय भरपूर, कामाचं काही नाही. आमच्या ऑफिसातल्या बैठकांसारखं.

टीव्हीच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. अँटेना आता कोण ठेवतं, ताई, केबल घ्या. त्याच्या केबलवर हे चॅनेल दिसतच नाही. मोबाइलवरही या बातम्या कुणी टाकत नाही. तशीच परत आले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गच्चीवर जाऊन अँटेना बघितला. बघितला म्हणजे नुसताच बघितला. मला त्यातलं काय कळतं?

ज्यांना कळतं ते खाली पेपर वाचत बसले होते. चाळीस वर्षं बाबांनी लोकांच्या छपरांवर अँटेने बसवले. या रस्त्यावरचं एक घर सुटलं नसेल. पण हा बिघाड कुणाच्या चेहऱ्याचा आहे ते त्यांना ठाऊक आहे, म्हणून तोंडातून शब्द नाही. मीही विचारणार नाही. मीसुद्धा त्यांचीच मुलगी.

७ फेब्रुवारी, शनिवार

पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, “वायर कापून बघ. आत काळी पडली असेल.”

कापली. आतली तांब्याची तार काळीठिक्कर! पाणी शिरलेलं. दुपारी नवी वायर टाकली. गुणवत्ता नऊवरून तेवीस. एवढ्यानं भागत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बातम्या नसतात. आईचे केस विंचरताना विचारलं, धाकटीला फोन करू का? ये म्हणून सांगते.

आई म्हणाली, “नको गं. ती आली आणि ह्यांनी तोंड फिरवलं तर मला बघवायचं नाही. टीव्हीवर ती हसते तरी.”

मी आग्रह केला नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही – मला बरं वाटलं. सहा वर्षं आईची अंथरुणं मी बदलतेय, आणि ती येणार, दारात उभी राहून रडणार, आणि सगळं घर तिच्याभोवती गोळा होणार. वाईट आहे मी. पण आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाबा आपण होऊन गच्चीवर गेले! पाना घेऊन. वाऱ्यानं दांडाच फिरलाय म्हणाले. मी लहानपणीसारखी खिडकीत उभी राहिले. ते वरून दांडा फिरवणार, मी खालून ओरडणार – गेलं, गेलं, आलं, थांबा! तेव्हा पडद्यावरच्या मुंग्या हळूहळू कमी व्हायच्या आणि मी थांबा म्हटलं की काम संपायचं.

आज दोन तास ओरडले. आलं म्हणायचा अवकाश, की गेलंच! बाबा वरून खेकसले, तुला दिसतंय का काही? मी म्हटलं, तुम्हाला ऐकू येतंय का? दोघंही रागावून जेवलो.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ऑफिसला जाताना लक्षात आलं. हल्लीचं चित्र मुंग्यांसारखं हळूहळू येत नाही. अँटेना जागेवर आल्यानंतर चारपाच सेकंदांनी ते एकदम उमटतं. मी आलं म्हणेपर्यंत बाबांचा हात पुढे गेलेला असतो. काल बहुतेक दहा वेळा आम्ही बरोबर जागेवरून पुढे गेलो.

अर्ध्या वाटेतून परत फिरले. बाबांना सांगितलं – बोटभर फिरवा, थांबा, दहा आकडे मोजा. चाळीस वर्षांच्या कारागिराला हे ऐकून घेणं जड गेलं. पण ऐकलं. सातव्यांदा गुणवत्ता ब्याऐंशी!

संध्याकाळी धाकटी अखंड दिसली. आईनं हात जोडले. बाबा फिरायला गेले नाहीत, स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत राहिले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्वच्छ. आई म्हणाली, बारीक झालीये.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वच्छ.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आई दिवसभर झोपून. सातला मात्र डोळे उघडले. धाकटीला फोन करावा, असं पुन्हा मनात आलं. पण चित्र इतकं छान येतंय. रोज तर भेटतायत दोघी. बघू सोमवारी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आई दुपारी पावणेपाचला गेली.

धाकटीला फोन लावला. बंद. या वेळी ती स्टुडिओत असते. सात वाजता बाबांनीच टीव्ही लावला. ती आली, हसली, नमस्कार म्हणाली. एक चौकोन नाही, एक डाग नाही. आठवडाभर मी हे चित्र दुरुस्त करत होते. फोनला दोन मिनिटं लागली असती.

बाबा पडद्यासमोर उभे होते. म्हणाले, “तिचं वाचून होऊ दे. मग फोन मी करतो.”

सव्वासातला मी नंबर शोधून द्यायच्या आत त्यांनी तो लावला होता. त्यांना पाठ होता.