मोहाच्या दारूत मेथी

धारूर, १३ बहमन, फसली १३२७ (इ.स. १९१७)

दादांनी आज मोहाच्या दारूची बरणी उकरली, बारा वर्षांपूर्वी पुरलेली. आम्ही कलाल, दारू गाळणारे; घरात पारख माझ्याकडं. तळहातावर चोळून हुंगली. मेथी? दारूत मेथी कुठून येणार? घोट घेतला. लई मऊ उतरली, पण शेवटी पुन्हा तीच मेथी. चिडून विचारलं, "दादा, बरणी कशाची होती?"

"तुह्या आईच्या लोणच्याची. घाईत धुतलीच न्हाई."

आईला जाऊन दहा वर्षं झाली.

दारू म्हणून नापास, असं मी तोंडावर सांगितलं. सांगायला नको होतं का? दादा झाकण लावायला लागले. "मंग इकायची न्हाई," एवढंच म्हणाले.

मी वाटी पुढं केली. म्हटलं, "थांबा. नीट कळलं न्हाई, अजून थोडी द्या."