झेंडूच्या हारामागची तार

जळगाव, रविवार दुपार

प्रिय सारिका,

आठ वर्षांनी माझं अक्षर बघून आधी हसशील आणि मग म्हणशील, गिरधरभाऊंना मोबाइल मिळाला नाही का? मिळालाय गं. पण मोबाइलवर लिहिलेलं मागाहून पुसता येतं, आणि ती सोय मला आज नको आहे. तुझा अर्ज आमच्या केंद्रात पोचला. नेटवर्कमधले बिघाड शोधायला शिकवणारं एक माणूस आम्हाला हवंय, आणि निवड करणाऱ्या तिघांत मीही होतो. तुझं नाव वाचलं आणि समोरचा चहा पार गार होऊन गेला. या जागेसाठी तुझ्याहून चांगलं कुणी नाही, हे मी शपथेवर सांगेन. बाकीचे दोघे मात्र धुळ्याच्या त्या गोष्टीवर अडले.

आता मी इथं काय करतो ते ऐक, करमणूक होईल. माझे विद्यार्थी म्हणजे दवाखान्यांत, पतपेढ्यांत, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करणारी मोठी माणसं. मी मुद्दाम बिघाड करून ठेवतो आणि ती तो शोधतात. प्रत्येकाला थेट कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये घुसायची घाई. मी ओरडतो, आधी तारा बघा, दिवे बघा, आणि सगळ्यांना विचारा की कालपासून काय बदललं. वर ऐटीत सांगतो, विचारताना स्वतःला वगळू नका. हे वाक्य मी प्रत्येक बॅचला ऐकवतो, सारिका. निर्लज्जपणाला काही सीमा?

मागच्या महिन्यात पारोळ्याचे चिंधाभाऊ आले होते. पंचेचाळिशीचे, सरकारी दवाखान्यातले, गोगलगाईच्या चालीने काम करणारे. त्यांच्यासाठी मी एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, सगळ्या कॉम्प्युटरांच्या तारा जिथं जुळतात त्या डब्यात, खोचून ठेवली होती. तुला सांगायला नको, मग तोच तो निरोप गरागरा फिरत राहतो आणि सगळं नेटवर्क गुदमरतं. भाऊंना दीड तास लागला. तार हातात धरून त्यांनी भाबडेपणाने विचारलं, "सर, तार ते सापडनी. पन ती लावनारा कोन शे?" वर्ग हसला, मीही हसलो. दुपारचा डबा मात्र तसाच परत नेला.

धुळ्याच्या ज्ञानचंद शेठच्या पेढीतली ती खंडेनवमी आठवते ना? पूजा आपली, नोकरमाणसांची. शेठ नुसते प्रसादाला यायचे. तू वजनकाट्यालाही कुंकू लावलंस आणि प्रिंटरला लावताना त्याचं झाकण रंगवून ठेवलंस. त्याच संध्याकाळी तू गोदामातल्या पाच कॉम्प्युटरांना नेटवर्कवरचे नवे पत्ते दिलेस. सगळं नीट चाललंय हे तपासून, मला दाखवून तू घरी गेलीस. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर काहीच चालेना. काट्यावरचं वजन ऑफिसात येईना, पावत्या निघेनात, फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रक. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं, कारण शेवटचा बदल तुझा. तू एकेक पत्ता मागे घेत होतीस, डोळे पुसत होतीस, आणि मी शेजारी उभा राहून "अजून बघ, काहीतरी राहिलंय" म्हणत होतो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, एवढं मात्र मान. स्विचकडे कुणी गेलंच नाही. त्यावर पूजेचा झेंडूचा हार होता आणि पूजेतलं हलवायचं नाही, असा आपलाच दंडक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठने तुला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हार सुकून आपोआप खाली घसरला. मागचे दिवे सगळे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. तार दिसली आणि मला सगळं आठवलं. पूजेचा फोटो काढताना लोंबकळलेली वायर बरी दिसत नाही म्हणून तिचं मोकळं टोक मीच त्याच स्विचच्या जवळच्या भोकात खोचलं होतं. तू निघून गेल्यावर. मी ती उपटली, पेढी सुरू झाली, शेठ धावत आले आणि काय होतं म्हणून विचारू लागले. मी म्हणालो, "सेटिंगमधलंच होतं." त्या एका वाक्यावर मी हुशार ठरलो, माझं नाव झालं, पुढे हे शिकवायचं काम मिळालं. तू सावद्याला केळीच्या वखारीत हिशेबनीस झालीस, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मी विषय बदलला. भित्रा होतो मी. दुसरा कुठला शब्द नाही.

गुरुवारी मी त्या दोघांना सगळं सांगितलं, लिहून सही करून दिलं आणि निवडीतून बाजूला झालो. ते तुला मुलाखतीला बोलावणार आहेत. माझी नोकरी राहते की जाते ते त्यांचं ते ठरवतील. शुक्रवारी धुळ्याला गेलो. शेठ थकलेत, पण ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरीला मी काढलं, गिरधर. पण तू मला काढू दिलंस."

हे सगळं तुला त्या मुलाखतीत कळलंच असतं. तरी पत्र लिहायला बसलो ते तुझ्या अर्जातल्या एका रकान्यामुळे. आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नापुढे दुसरं कुणी काहीही लिहून मोकळं झालं असतं. तू लिहिलंस, 'माझ्या चुकीमुळे नेटवर्क दोन दिवस बंद पडलं. नेमकी कोणती चूक झाली ते मी अजून शोधते आहे.' आठ वर्षं, सारिका! अगं, तुझी चूक नव्हतीच. आता शोधू नकोस.

तुझाच अपराधी,
गिरधरभाऊ