दोन खांब एक इंचानं आखूड

अण्णा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की पलंगाचे चारही खांब सारखे निघाले. ते खरं नाही. दोन खांब सहासष्ट इंचांचे आहेत आणि दोन पासष्टचे. लिहिलं तेव्हा मी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. कापून झाल्याच्या आनंदात लिहून मोकळी झाले. तुम्ही ते पत्र वाचलेलं नाही आणि हेही वाचणार नाही, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तरी चुकीचं लिहिलेलं तसंच राहू द्यायला मला जमत नाही. काल दुपारी गच्चीवर चारही खांब आडवे मांडले, बुडं कठड्याला टेकवली आणि वरच्या टोकांना दोन मागे राहिलेले दिसले. मी पुन्हा मोजलं. मग पोराला मोजायला लावलं. तो म्हणाला, "आई, पासष्टच आहे, किती वेळा विचारशील?"

पलंग म्हणजे एकावर एक असा दोन मजली पलंग, पोरं त्याला बंक बेड म्हणतात. मंचरला आमची पोरांची खोली आठ बाय नऊची आहे. कांद्याचे ट्रक हायवेला वळतात तेव्हा तिच्या खिडकीची काच थरथरते. नऊ वर्षांचा पोरगा आणि सहा वर्षांची पोरगी खाली अंथरूण टाकून झोपतात, आणि मग जमीन काही उरत नाही. सोमवारी आई येते आहे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी आहे आणि नंतर महिनाभर ती इथंच राहील. तुम्ही केलेली तिची खाट मी मागवून घेतली आहे. ती खाट त्या खोलीत मावायची तर पोरांना एकावर एक चढवल्याशिवाय इलाज नाही. तयार लोखंडी पलंग मिळतात, मी पाहून आले. शोरूममध्ये वरच्या मजल्यावर हात ठेवून नुसता हलवला तर तो कुरकुरला. त्यावर माझी पोरगी मी झोपवणार नाही. म्हणून वखारीतून सागाचे खांब आणि आंब्याच्या फळ्या आणल्या आणि आईनं गोणपाटात बांधून दिलेली तुमची हत्यारं बाहेर काढली.

आता चूक कशी झाली ते सांगते, कारण ही चूक आपल्या घराबाहेरच्या कुणाकडून होणार नाही. पहिले दोन खांब मी टेपनं मोजले. नंतर वाटलं, उरलेले दोन तुमच्या पट्टीनं मोजावेत. ती सहा फुटी सागवानी पट्टी, तुम्ही स्वतः आकडे कोरलेली, जिचा पहिला इंच मोडलेला आहे. तुम्ही तिच्यावर नेहमी एकपासून माप धरायचात आणि शेवटी एक वाढवायचात. मला शाळेत घालायच्या आधी, मढच्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात भुशावर बसवून, आकडे तुम्ही त्याच पट्टीवर शिकवलेत. बोट धरून एकवर ठेवायचात आणि म्हणायचात, "हितनं धर. मोडलंय त्याच्याकडं बघू नको." पुढे जुन्नरच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी फूटपट्टीनं रेघ एकपासून ओढली. बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, अण्णांनी. सगळा वर्ग हसला. आज मी गणित शिकवते, दरवर्षी पाचवीच्या पोरांना शून्यापासून मोजायला सांगते, आणि त्या दिवशी तुमची पट्टी हातात आली तशी माझं बोट आपोआप एकवर गेलं. शेवटी एक वाढवायचा मात्र मी विसरले. खांब पासष्टचे झाले.

दादाला फोन केला. तुमच्यामागं कारखाना त्यानं सांभाळला आहे. आता प्लायवूडची कपाटं करतो, यंत्रं आणली आहेत आणि काम चांगलं करतो, हे मी मानते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं बाई, तू आपलं गणित शिकव. लाकूड म्हंजे काय पोरांची वही हाय का, चुकलं तर खोडायला?" मग थोडा नरमला. म्हणाला, आखूड खांबांखाली ठोकळे सरकव आणि तसाच राहू दे, मंगळवारी मी येतो आणि नीट करतो, रविवारी मात्र काही करू नकोस, अमावस्या आहे. आईलाही त्यानंच सांगितलं असणार, कारण अर्ध्या तासात तिचा फोन आला. "आवस हाय गं रविवारी. त्या दिवशी हत्याराला हात लावू नको. आन् वर कुणाला झोपवणार, पोरीला?" मी म्हटलं, हो, तिनंच मागितलंय.

अण्णा, अमावस्येचं मला सांगू नका. दहावीच्या परीक्षेआधी मी तुमच्याकडं टेबल मागितलं होतं. पोत्यावर वही ठेवून अभ्यास करून माझी मान धरली होती. तुम्ही म्हणालात, आज अमावस्या, आज हत्यार उचलायचं नसतं, उद्या बघू. मी मान्य केलं. पण त्याच्या आदल्या वर्षीची एक अमावस्या मी पाहिली होती. आळेफाट्याच्या बाजूला कुणाच्या तरी बंगल्याची वास्तुशांत होती, दाराची चौकट राहिली होती आणि माणूस मोठा होता. तुम्ही दुपारी कारखान्याचं दार आतून लावून घेतलंत, ठोकणीला गोणपाट गुंडाळलंत आणि चौकट ठोकलीत, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. मी डबा घेऊन आले होते, म्हणून दार लागलं तेव्हा आतच होते. तुम्ही वर न बघता म्हणालात, "कुनाला बोलू नको." मी आजवर बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. तेव्हा मला वाटलं की मोठ्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. आता वाटतं की नियम तुम्हाला वाकवता येत होता, फक्त माझ्या टेबलासाठी तो वाकला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही ते टेबल करून दिलंत, चारही पाय सारखे, हेही मी लिहून ठेवते, नाही तर पुन्हा एक चूक दुरुस्त करावी लागेल. पण राग त्यानं जात नाही.

आणि एक वाक्य आहे. मी आठ वर्षांची असताना दादा करवत चालवायला शिकत होता. मीही दुसऱ्या बाजूनं मूठ धरली. तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत. ओरडला नाहीत, रागावलाही नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. म्हणालात, "आकडं तुझं, हत्यार त्याचं." आकडे मी घेतले, अण्णा. त्यांच्यावर पोट भरते. पण वाटणी मला कुणी विचारून केली नव्हती, आणि आज मी ती मोडते आहे. गेले तीन आठवडे शाळा सुटल्यावर गच्चीवर पटाशीनं खाचा पाडते आहे. पहिल्या दोन खाचा वेड्यावाकड्या झाल्या. तिसरीत आडव्या लाकडाचं टोक असं बसलं की निघेना. शेजारच्या काकी कपडे वाळत घालायला येतात आणि रोज विचारतात, "म्याडम, सुतार मिळंना का?" मी म्हणते, मिळालाय की, तो काय तुमच्यासमोर बसलाय. त्या हसतात आणि त्यांच्या पाटाचा पाय डुगडुगतोय, बघाल का, असंही हळूच विचारून जातात.

ठोकळे मी लावणार नाही. दोन मजली पलंगाखालचा ठोकळा एक दिवस सरकतोच, आणि तो सरकेल तेव्हा वर माझी पोरगी असेल आणि खाली पोरगा. दादाला ते कळत नाही असं नाही, पण त्याला मंगळवारपर्यंत वेळ काढायचा आहे. रात्री उठून मी दोनदा पोरांकडं बघून आले, खरं सांगते. मग सकाळी कागदावर मांडलं. आखूड खांबांच्या खाचासुद्धा मी त्याच पट्टीनं, त्याच चुकीनं, बुडापासून मोजल्या होत्या. म्हणजे त्या खाचाही एकेक इंचच खाली आहेत. तेव्हा बरोबर असलेल्या दोन खांबांचं बूड एक इंच कापलं की चारही खांब आणि सगळ्या खाचा एका रेषेत येतात. तीनदा तपासलं. पलंग एक इंच बुटका होईल, एवढंच. बरोबर खांब चुकीच्या मापाला कापायचे, हे तुम्हाला पटलं नसतं. तुम्ही नवं लाकूड आणायला लावलं असतं. पण पलंग उभा राहतो तो चार पाय एकमेकांसारखे असले म्हणून, आणि पोरगी जमिनीच्या एक इंच जवळ झोपली तर मला आवडेलच. पोरानं ऐकून विचारलं, "मग ही वरनं पडली तर हिला एक इंच कमी लागेल?" पोरगी म्हणाली, "मी पडणारच नाय. आईनं केलाय."

ते ऐकून मी आत जाऊन वरच्या मजल्याच्या कठड्याच्या फळीला आणखी दोन बोल्ट घ्यायचे असं यादीत लिहिलं.

एक सांगायचं राहिलं. ती पट्टी मोडली म्हणून तुम्ही दादाला चपराक मारली होती. तो रडून सांगत होता, मी नाय, मी नाय. मोडली मी होती. तुम्ही दोघं दार आतून लावून काम करत होता आणि पट्टी दादा बाहेर ओट्यावर विसरला होता. फटीतून पट्टी घालून कडी वर ढकलायला गेले आणि टोक तुटलं. तो एक इंच मी भुशात पुरला. पाच वर्षांची होते, पण दादा का रडतोय ते मला कळत होतं. हे पत्र कुठं धाडायचं नाही, वहीतच राहील. पण दादाला मी हे फोनवर सांगणार आहे, मंगळवारच्या आधी, आणि त्यानंतर तो काय म्हणेल ते ऐकून घेईन.

खांब मी तुमच्याच करवतीनं कापणार आणि पलंग ठोकणार, गच्चीचं दार उघडं ठेवून, ठोकणीला काही न गुंडाळता. नवरा दुसरं टोक धरील. रविवारी, अमावस्येला, सकाळी नऊ वाजता.