बोलके जंतू आणि सुकेळ्यांचा पाक

१ नोव्हेंबर १९९९, सकाळ
कॉलेजला दिवाळीची सुट्टी. पीएचडी या सुट्टीत उरकायचीच. म्हाकुळावरचे, म्हणजे स्क्विडवरचे, चमकणारे जंतू बाटलीत घालून बाथरूममध्ये ठेवले. एव्हरशाईनच्या या फ्लॅटमध्ये दिवसा अंधार तिथेच. एकटा जंतू चमकत नाही. प्रत्येक जण एक रसायन बाहेर सोडतो. गर्दी झाली की ते साठतं आणि सगळ्यांची प्रकाशाची जीन्स एकदम चालू होतात. थोडक्यात, एकमेकांशी बोलतात. कमाल आहे.
अश्लेषा बोळिंजला माहेरी गेली. भाऊबीजेसाठी असावी. जाताना म्हणाली, गेल्या आठ दिवसांत आपण काय बोललो ते सांग. मी सांगितलं, भात मऊ झालाय असं मंगळवारी बोललो. बरोबर होतं उत्तर.

४ नोव्हेंबर
चमक नाही. उपाशी असतील बिचारे. बाबांच्या वाडीतल्या सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पाक करून बाटलीत घातला. वसईचं सुकेळं खाऊन कोण गप्प बसेल? एक पुडा बोळिंजलाही पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिणार होतो. काही सुचलं नाही.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
जंतू चिक्कार वाढलेत. पण अंधारच. पाक दुप्पट केला. बोळिंजहून निरोप नाही. म्हणजे सुकेळी आवडली.

११ नोव्हेंबर
भाऊबीज झाली. शेजारच्या रोझमेरीबाईंनी विचारलं, अश्लेषाला भाऊ कुठे आहे? चुलत असेल.
गाइड फ्रेडरिक सरांना फोन केला. म्हणाले, आधी ते गोड बंद करा. साखर भरपूर मिळाली की जंतू खात बसतात, चमकायची जीन्स दबलेलीच राहतात. सरांचं आता वय झालं.

१६ नोव्हेंबर
काही वाटत नाही. वाईटही नाही. सुकेळी संपली, म्हणून नवी बाटली बिनपाकाची भरली. अश्लेषा तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत असेल.

१८ नोव्हेंबर, दुपार
चमकली! अख्खी बाटली निळी. मी ओरडलो, अश्लेषा, लवकर ये, बघ! मग आठवलं. छातीत दुखल्यासारखं झालं. गॅस असावा.
तडक बोळिंजला फोन लावला. सगळं बोलायचं ठरवलं होतं: ये, मला करमत नाही, चुकलं माझं. तिनेच उचलला. मी विचारलं, सुकेळी खाल्लीस? ती म्हणाली, हो. मग म्हणाली, ठेवते.
बाबांना आणखी एक पुडा पाठवायला सांगितला आहे. या वेळी मोठा.