सगळ्यात जास्त विसावलेलं गाणं

प्रिय छोटी,

तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. हे चौथं पत्र जसं होईल तसं पाठवणार आहे. उद्या पाचपर्यंत साहेबांच्या टेबलावर मला एक कागद ठेवायचा आहे आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय तो लिहून होणार नाही. फोन केला असता, पण तू पहिल्याच वाक्याला विचारशील, "काय गं ताई, आवाज का असा?" आणि मी नेहमीसारखी सर्दीवर ढकलीन.

कागद कसला ते आधी सांगते. आमच्या रेडिओ केंद्रावर दिवसभरात कुठलं गाणं कधी लागणार हे मी कार्डांवरून ठरवते, हे तुला ठाऊक आहे. गाण्याचं एक कार्ड, लाकडी खणात उभं. समोरचं उचलायचं, गाणं लागलं की मागे खोचायचं. तीच गायिका दोन तासांत पुन्हा नको, रडक्या गाण्यामागे रडकं नको. एकतीस वर्षं हेच केलं. आता ते संगणक करणार. तीन सॉफ्टवेअर महिनाभर चालवून पाहिली आणि त्यातलं कुठलं घ्यायचं ते मी सांगायचं आहे. पुढच्या महिनाअखेरीस मी निवृत्त होते ना, म्हणून साहेब म्हणाले, "बाई, जाताना तुमच्या डोक्यातलं सगळं त्याच्या डोक्यात घालून जा." आमचा मोठ्या आवाजाचा निवेदक, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो लगेच म्हणाला, "सगळं नको, निम्मंच घाला. नाहीतर तेही रोज आमच्यावर डाफरायला लागेल."

मला हे काम आवडलं होतं, खरं सांगते. तिन्हींचं प्रात्यक्षिक दाखवायला आलेली बाई समजूतदार होती. गाण्याची लय, मूड, आवाज बाईचा की पुरुषाचा, सगळं भरायचं आणि मग ते यंत्र दिवसभराची यादी लावून देतं. त्याचा मुख्य नियम तर माझाच. जे गाणं सगळ्यात जास्त दिवस विसावलंय, त्याचा नंबर आधी. पहिल्या सॉफ्टवेअरने सोमवारची यादी काढली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक गाणं होतं, ज्याचं कार्ड माझ्या खणात नाही. बालस्वर, तीन मिनिटं अकरा सेकंद. याआधी प्रसारित : कधीच नाही. दुसऱ्याने तेच गाणं सकाळी लावलं, तिसऱ्याने बातम्यांनंतर. मी कागद पालथा घालून बसून राहिले. ते कुणाचं ते लिहायला हात अजून धजत नाही, म्हणून आधी दुसरंच लिहिते.

शाळेतल्या पियानोचं झाकण आठवतं? मी ते दाणकन आपटलं, बिजागरी तुटली, आणि सिस्टरांनी विचारल्यावर मी खाली बघत राहिले. तू तिसरीत होतीस. तूच पुढे झालीस, "मी केलं" म्हणालीस आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत फळ्याजवळ उभी राहिलीस. शिवाय घरी आईला सांगितलंस, ताईला विचारूच नका, तिला खोटं बोलता येत नाही. पुढे जन्मभर तू लोकांना हेच सांगत आलीस. माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंनासुद्धा.

गेले पंधरा दिवस मी तिसऱ्या सॉफ्टवेअरसाठी भांडते आहे. ते तिन्हींत वाईट आहे. अक्षरं बारीक, दोनदा बंद पडलं, निवेदकांना मधेच गाणं बदलताही येत नाही. पण त्यात गाणं रोखून धरायला एक खूण आहे आणि ती केली की ते कारण विचारत नाही. बाकीची दोन विचारतात. चौकट भरावी लागते आणि दर महिन्याला ती यादी साहेबांकडे जाते. म्हणून मी म्हणत राहिले की तिसरं सोपं आहे, तिसरं आपल्या कामाला साजेसं आहे. भोंगा म्हणाला, "बाई, तिसऱ्याशी सोयरीक जुळवलीय का काय?" सगळे हसले, मीही हसले. परवा त्या बाईने सहज सांगितलं की ती खूण नव्वद दिवसच टिकते, मग गाणं आपोआप परत येतं. तेव्हा मी या खोलीत नसेन. कुणीतरी नवीन माणूस असेल आणि तू खिडकीतला रेडिओ लावून मशीनवर कुणाचं तरी ब्लाउज शिवत असशील.

छोटी, ते गाणं तुझ्या ठमीचं आहे.

मुलांच्या कार्यक्रमात, बालसभेत, गायला मीच तिला इथे घेऊन आले होते, तुला शिवणाची घाई होती म्हणून. रविवारी लागायचं होतं. त्याआधीच्या सोमवारी तिला ताप आला आणि गुरुवारी ती गेली. महिन्याभराने तू फोन करून विचारलंस, ताई, तिचं ते गाणं देशील का. त्याच सकाळी तुझे यजमान माझ्याकडे येऊन गेले होते. इथेच, या खणांपाशी उभे होते. म्हणाले, "ताई, ती आत्ता कुठे दोन घास खायला लागलीय. तो आवाज दिलात तर पुन्हा सगळं सोडून बसेल." मी तुला सांगितलं की त्या टेपवर चुकून दुसरं ध्वनिमुद्रण झालं. तू म्हणालीस, असू दे गं, तुझा काय दोष, तू रडू नकोस. उलट तूच माझी समजूत घातलीस.

ते म्हणाले म्हणून मी केलं, असं मला म्हणायचं नाही. त्यांनी तेव्हापुरतं मागितलं होतं. बावीस वर्षं मी लांबवलं. ते जाऊनही सहा वर्षं झाली. त्यांच्या दिवसांत मी तुझ्याकडे दहा दिवस राहिले, तुझ्या शेजारी झोपले, तेव्हा सांगता आलं असतं. तोवर गाण्यापेक्षा माझं खोटंच मोठं झालं होतं. कार्ड मी फाडलं होतं, पण टेप संग्रहात तशीच ठेवली आणि यंदा सगळा संग्रह संगणकात भरला तेव्हा तीही त्यात गेली. मंगळवारी मी संगणकावर ते गाणं कायमचं पुसायला गेले. "नक्की पुसायचं का?" असं त्याने विचारलं. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. काय करू मला कळेना, छोटी. पुसलं तर मी तिला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल. ठेवलं तर एखाद्या दुपारी हातात कात्री असताना तो आवाज तुझ्या अंगावर येईल, आणि त्याच क्षणी तुला कळेल की ताई खोटं बोलली होती.

उद्याच्या कागदावर मी पहिल्याचं नाव लिहिणार आहे. तेच चांगलं आहे, पोरांचं काम हलकं होईल. त्यात रोखलेलं गाणं कुणी सोडेपर्यंत थांबून राहतं. ठमीचं गाणं आज दुपारी रोखून धरलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, आईने अजून ऐकलेलं नाही. साहेब विचारतील तर सांगेन.

या पत्राबरोबर कॅसेट आहे. तुझ्या जुन्या टेपवाल्या रेडिओत चालेल म्हणून मुद्दाम कॅसेटच करून घेतली. ती तुझी आहे. ऐक, ठेवून दे, माझं तोंड बघू नकोस, काहीही कर, फक्त परत पाठवू नकोस. गाण्याआधीचं बोलणं कापून टाकतात, हे मी कापलेलं नाही. त्यात ती मला विचारते, "मावशी, आईला घरी ऐकू येईल ना?" आणि मी म्हणते, "येईल गं, का नाही येणार?"

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
ताई