घर चांगलं आहे, स्वामी

अण्णा, काल सकाळी एक मुलगी दारात आली. आमच्या अपार्टमेंटच्या असोसिएशननं पाठवलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील कागदांचा गठ्ठा. इथं राहणारे लोक किती खूश आहेत आणि का, हे त्यांना म्हणे बघायचं आहे. "अंकल, एक ते पाचमध्ये सांगायचं. पाच म्हणजे एकदम खूश," ती हिंदीत म्हणाली. मुलगा कामावर गेलेला. आत तुमची सून डाळ निवडत बसलेली. मी दाराची कडी धरून उभा होतो आणि विचार करायच्या आधीच तोंडातून निघालं, "पाच." तिनं खूण केली. मग विचारलं, "कारण?" मी म्हणालो, "हवा चांगली आहे." समोर दोन नव्या इमारती उठताहेत, त्यांची सिमेंटची धूळ येते म्हणून आमच्या खिडक्या सहा महिने बंद आहेत. मुलीनं खिडक्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं 'हवा' लिहून घेतलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "बाळ, माझा आकडा वेगळा लिहून घेता येईल का?" मुलगी हसली. "नाही आंटी, एका फ्लॅटला एकच फॉर्म." "सरी, बरं," तुमची सून म्हणाली, "मग यांचाच घ्या. या घरात कायम यांचाच घेतात."

मुलगी गेल्यावर मी दार ओढून पाहिलं, गॅसची कळ पाहिली, परत येऊन पुन्हा दार पाहिलं. हे माझं रोजचंच. मग पलंगावर बसलो आणि तुमची आठवण आली. गोड आठवण नव्हे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटली, एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर रागावलो नाही, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर, गुडघे आणि डोळे दोन्ही अधू झाल्यावर, मला तुमचा राग आलाय. कारण जे उत्तर मी त्या मुलीला दिलं ते माझं नव्हतंच. ते तुमचं होतं. तेच उत्तर देऊन तुम्ही आईला घालवलंत, आणि तेच देऊन मी गेल्या महिन्यात तुमच्या सुनेचं घर घालवलं.

मल्लेश्वरममधल्या त्या मागच्या दोन खोल्यांत मला अजून डोळे मिटून चालता येईल. पुढं मालकाचं दोन मजली घर, बाजूनं बोळ, बोळाच्या शेवटी आपण. तुम्ही दिवसभर लोकांच्या घरांत चौकटी बसवायचात, कपाटं ठोकायचात, आणि आपल्या घरात एक खिळा नाही. कॅलेंडर फळीवर टेकवलेलं, आरसा खिडकीत, देवांच्या तसबिरी डब्यांना टेकून उभ्या. सुताराच्या घरात एक खुंटी नाही म्हणून लोक हसायचे. मी दहा वर्षांचा असेन. आईला तिची जपमाळ अडकवायला जागा हवी होती. ती एवढंच म्हणाली होती की एखादी खुंटी असती तर बरं झालं असतं. तुम्ही कामावर गेलेले पाहून मी तुमच्याच पेटीतला खिळा घेतला आणि चुलीच्या वरच्या अंगाला ठोकला. संध्याकाळी तुम्ही आलात, चप्पल काढायच्या आधी तुमचं लक्ष तिकडं गेलं. मारलं नाहीत. पक्कड घेतलीत, खिळा उपटलात, अंगाच्या साबणाचा तुकडा मळून ते भोक बुजवलंत, वरून चुना लावलात. मग माझा दंड धरून मला मालकाच्या ओट्यावर नेलंत. "चूक झाली म्हण." मी म्हटलं. मालक खुर्चीत बसून पेपर वाचत होता. तो हसला, "एनु मेस्त्री, ओंदु मोळे ताने, बिडी." एक खिळा तर आहे, सोडा हो. त्याला हसू आलं, तुम्हाला घाम आला होता. आईनं जपमाळ पुन्हा डब्यात ठेवली.

तुम्ही असे का झालात हे मला माहीत आहे, अण्णा. तुमच्या बाजूनं मी विचारच केला नाही असं समजू नका. माझ्या जन्माआधी दुसऱ्या एका घरात कौलं गळतात म्हणून तुम्ही मालकाला चार शब्द सांगितलेत आणि त्यानं आठ दिवसांत सामान बाहेर काढायला लावलं. आईला नववा महिना. तुम्ही तेव्हा कामाला होतात त्या कारखान्याच्या लाकडाच्या शेडमध्ये, फळ्यांच्या आडोशाला मी जन्मलो. भाषा परकी, गाव परकं, मागं निपाणीकडं परतायला काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून तुम्ही ठरवलंत की राहत्या जागेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर एकच. एक तारखेला मालक भाड्याला यायचा आणि दारातूनच विचारायचा, "मने हेंगिदे, मेस्त्री?" घर कसं आहे? तुम्ही हात जोडून, "चन्नागिदे, स्वामी." चांगलं आहे. आणि पडद्यामागं आई खोकत असायची. मागची भिंत न्हाणीघराच्या अंगाला, बारमाही ओली. हात लावला की पोपडे हाताला यायचे. आईची गादी त्याच भिंतीला, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. रात्र झाली की ती बसून श्वास घ्यायची. एकदा म्हणाली, "अहो, एकदा सांगून तर बघा त्यांना." तुम्ही म्हणालात, "आणि काढलं तर?" ती पुन्हा बोलली नाही.

मी अठरा वर्षांचा असताना थंडीत ती गेली. तेरावं झाल्यावर मालक स्वतः बोळातून मागं आला, उंबऱ्यात उभा राहिला, भिंत पाहिली. बहुतेक पहिल्यांदाच पाहिली. म्हणाला, "मेस्त्री, वरची उन्हाची खोली तीन वर्षं रिकामीच पडलीय. एकदा सांगायचं होतंत." तुम्ही काय म्हणालात, आठवतं? मला आठवतं. मी तुमच्या शेजारीच उभा होतो, डोक्यावर केसही आले नव्हते. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "नाही स्वामी, घर चांगलंच आहे."

आता माझं ऐका. मी सातवीत शाळा सोडली, पुस्तकबांधणीच्या दुकानात चिकटलो आणि उभं आयुष्य लोकांची पुस्तकं शिवण्यात घालवलं. लग्नानंतर पलीकडच्या क्रॉसच्या गल्लीत दीड खोलीचं घर घेतलं, भाड्याचंच. तुमची सून चाळीस वर्षं तिथं राहिली. तिनं काय केलं म्हणून सांगू, तिनं ते घर स्वतःचं केलं. मी नको नको म्हणत असताना मालकिणीशी भांडून नळ आत घेतला. ओट्यापाशी मोगरा लावला. फुलवालीशी, भाजीवाल्याशी, देवळातल्या बायकांशी तिचं रोजचं बोलणं. सकाळी पिशवी घेऊन निघाली की तासानं यायची, दोन जुड्या कोथिंबीर आणि साऱ्या गल्लीच्या बातम्या घेऊन. मी मात्र तिथंही भिंतीला खिळा मारला नाही. तिनं मारले. मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

दोन वर्षांपूर्वी मुलानं इकडं शहराबाहेर आनेकलच्या बाजूला फ्लॅट घेतला. अकरावा मजला. त्याची कंपनी इकडंच आहे, आणि आम्हाला म्हातारपणी तिकडं एकटं कसं ठेवायचं असं तो म्हणाला. खरंही आहे. पोरगा चांगला आहे, अण्णा, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण इथं खाली उतरलं की रस्ता, रस्त्यापलीकडं कुंपण, कुंपणापलीकडं खणलेली जमीन. भाजी फोनवर मागवतात, ती एक पोरगा दाराला अडकवून जातो, त्याच्याशी बोलायचं तरी काय? लिफ्टमध्ये लोक फोनकडं बघतात. मला लिफ्ट अडकेल अशी भीती वाटते म्हणून मी उतरतच नाही. तुमची सून सुरुवातीला उतरायची, बाकावर बसायची. तिथं बसणाऱ्या बायका कुणी दिल्लीच्या, कुणी कोलकात्याच्या, नातवंडांना सांभाळायला चार महिने आलेल्या. ओळख झाली की त्या निघून जातात. आता ती बाल्कनीत उभी राहते. जेवणही निम्म्यावर आलंय.

हे मुलाच्याही लक्षात आलं. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी तो आमच्यासमोर बसला. तुमची सून डोसे घालत होती. तो म्हणाला, "अप्पा, अम्मा, नीट ऐका. मल्लेश्वरमचं आपलं जुनं घर पुढच्या महिन्यात रिकामं होतंय. मालकिणीच्या मुलाचा फोन होता. आपल्याला हवं असेल तर तो दुसऱ्या कुणाला देणार नाही, पण संध्याकाळपर्यंत कळवायला हवं. तुम्ही दोघं तिथं राहा, मी शनिवार-रविवार येत जाईन. मेट्रो आहे. मला वाईट वाटणार नाही, देवाशपथ. इथं बरं वाटतंय की नाही, खरं सांगा."

त्यानं माझ्याकडं पाहून विचारलं. तव्यावरच्या डोशाचा आवाज येत होता. तुमची सून उलथनं हातात धरून तशीच उभी, पाठमोरी. मला एवढंच दिसत होतं की कर्ज काढून घेतलेलं घर आहे, पोराच्या डोळ्यांखाली काळं आहे, आणि तो विचारतोय, घर कसं आहे. मी म्हणालो, "चांगलं आहे की इथं. काय वाईट आहे? उगीच कशाला उठाठेव." आणि अण्णा, माझे हात. मी खाली पाहिलं तर माझे हात जोडलेले होते.

मुलाचे खांदे खाली आले. त्याला सुटल्यासारखं वाटलं, ते मला दिसलं. त्यानं तिथंच फोन लावला, "बेडा," असं मालकिणीच्या मुलाला सांगितलं, नको म्हणून, आणि आंघोळीला गेला. डोसा करपला होता. तुमच्या सुनेनं तो माझ्याच ताटात टाकला. मग हळू आवाजात, आत ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली, "चाळीस वर्षं मालकाला भ्यालात. तेव्हा मालक तरी होता. आता पोटच्या पोराला मालक करून ठेवलंत." मी म्हणालो, "तू का नाही बोललीस मग?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला आईची आठवण झाली. "तो तुम्हाला विचारत होता," ती म्हणाली. "आणि तुमचं बोलून झाल्यावर मी वेगळं बोलले असते तर पोरानं काय करायचं होतं? आई-बापांतून एकाला निवडायचं?"

त्या घरात आता दुसरं कुणीतरी आलंय. फुलवालीनं फोनवर सांगितलं. नव्या लोकांनी म्हणे गाडी लावायला जागा हवी म्हणून मोगरा काढला. तुमची सून ते ऐकून "सरी, सरी" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्याशी ती बोलते, जेवायला या, गोळी घेतली का, एवढं. तुमचा फोटो इथं कपाटावर भिंतीला टेकवून ठेवलाय. मुलगा दोनदा म्हणाला, "अप्पा, आपलंच घर आहे, ड्रिल आणून लावतो." मी म्हटलं, राहू दे, भिंत खराब होते. तुम्ही बघताच आहात तिथून.

तुम्ही मला एक चांगली गोष्ट दिलीत, तीही लिहितो, नाहीतर उद्या मलाच टोचेल. शाळा कन्नड होती, घरात मराठी बोलायची पण लिहायची नाही. तुम्ही रात्री तासलेल्या फळीवर सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं मला मराठी अक्षरं काढून द्यायचात. मी गिरवायचो. सकाळी फळी गिऱ्हाइकाची म्हणून तुम्ही वरून रंधा फिरवायचात आणि आदल्या रात्रीचा धडा भुश्शात पडायचा. तरी अक्षरं राहिली. तीच ही. वळण तुमच्यासारखंच आहे, डावीकडं कललेलं.

आता साडेसहा झालेत. तुमची सून बाल्कनीत उभी आहे. आठला मुलगा येईल, बूट काढता काढता विचारेल, "अप्पा, कसं काय?" मी काय सांगीन ते तुम्हाला माहीत आहे. हे घर वाईट आहे, अण्णा. तुमचंही वाईट होतं. ती भिंत ओली होती आणि तुम्हाला दिसत होती. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले, मध्येच उठून गॅस बघून आलो. पाकिटावर घालायला पत्ता नाही, त्यामुळं कागद गादीखाली जातील.

आणखी एक आहे, ते लिहूनच थांबतो. तुमच्या सुनेला मराठी वाचता येत नाही, ती कन्नड शाळेची. मुलगा शाळेत हिंदी शिकला, पण माझं अक्षर त्याला लागत नाही. कन्नड दोघंही वाचतात. मला कन्नड लिहिता येतं, मराठीपेक्षा चांगलं येतं. यातली चार वाक्यं कन्नडमध्ये लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवली असती तर काम झालं असतं, तोंड उघडायचीही गरज नव्हती. म्हणून मी मराठीत लिहिलं.